शेपूट कापलं तरी न फुटणारा आकडा

वर्धा जिल्ह्यात कापूस मोजणारे आहेत, सोयाबीन मोजणारे आहेत, निवडणुकीच्या आधी जातवार मतं मोजणारे तर गल्लोगल्ली आहेत. पण ज्याच्यापुढे क्विंटलही लागत नाही आणि मतही लागत नाही, असा निव्वळ, उघडा आकडा समोर घेऊन त्याच्याकडे सूनमुख पाहिल्यासारखा कौतुकाने बघत बसणारा माणूस अख्ख्या जिल्ह्यात एकच आहे, आणि तो नेमका माझा साडू आहे. आमच्याकडे बायकोच्या मोठ्या बहिणीला अकडसासू म्हणतात. या घराण्यात तो शब्द आकड्यावरूनच आला असावा, असं मला लग्नानंतर बरीच वर्षं वाटत होतं.

हे साडू, म्हणजे आमचे भाऊजी, आर्वीच्या बाहेर शेती करतात. वांगी, पालक, मेथी, लिंबं आणि सांबार, म्हणजे पुण्यामुंबईची कोथिंबीर, असा माल त्यांच्या मळ्यातून बाजारात जातो. तरुणपणी ते गणित घेऊन बी.एस्सी. झाले, आणि ही गोष्ट ते स्वतः कधी सांगत नाहीत, कारण ती समोरच्याला आधीच माहीत असणार, याबद्दल त्यांना शंका नसते. त्यांनी जगातल्या सगळ्या संख्यांची दोन जातींत विभागणी केलेली आहे. जिला एक आणि ती स्वतः यांच्याखेरीज कोणीही पूर्ण भागू शकत नाही, ती मूळ संख्या, ती खानदानी. बाकीच्या सगळ्या, त्यांच्या भाषेत, 'फुटणाऱ्या'. बारा या संख्येवर तर त्यांचा विशेष राग. बारा म्हणजे धर्मशाळा. दोन आले, या. तीन आले, या. चार आले, सहा आले, तुम्हीही या. याउलट तेरा कोणाला दारात उभं करत नाही. लोक तेराला अशुभ मानतात ते याच मत्सरापोटी, असं त्यांचं म्हणणं. बाजारात कोणी डझनावर लिंबं मागितली तर ते अकरा किंवा तेरा देतात. तेरा मिळालेलं गिऱ्हाईक पुन्हा येतं, अकरा मिळालेलं भांडायला येतं, आणि दोघांनाही भाऊजी तितक्याच आपुलकीने मूळ संख्या समजावून सांगतात.

माझ्या चुलतमेहुणीला बघायला मुलगा आला, तेव्हा बाकीच्यांनी नोकरी, शेत, घर, व्यसन, असं रीतसर विचारून घेतलं. भाऊजींनी फक्त वय विचारलं. मुलगा एकोणतीस म्हणाला. भाऊजींनी तिथेच पसंती देऊन टाकली आणि पोहे मागवले. तो संसार आजही नीट चालला आहे, आणि त्याचं श्रेय ते एकोणतिसाला देतात. मागे एकदा त्यांना चक्कर आली म्हणून ताईंनी, म्हणजे माझ्या अकडसासूंनी, ओढत दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी रक्तातली साखर दोनशे अकरा असल्याचं गंभीर चेहऱ्याने सांगितलं, आणि रक्तदाब एकशे एकोणचाळीस आणि एकोणनव्वद. तिन्ही आकडे मूळ निघालेले पाहून भाऊजींचा चेहरा असा उजळला, की डॉक्टरांनी रिपोर्ट दुसऱ्याचा तर नाही ना, हे तपासून पाहिलं. ताईंनी गोळ्या सुरू केल्या. साखर दोनशेच्या खाली आली तेव्हा भाऊजी म्हणाले, प्रकृती सुधारली असेल, पण आकड्यात काही राम राहिला नाही.

त्यांची मोटारसायकलसुद्धा अशीच घरात आली. जुनी गाडी घ्यायची होती आणि एका ओळखीच्या माणसाकडे दोन होत्या. एक चांगली, ८४४२ नंबरची. भाऊजींनी ती चालवूनही पाहिली नाही. दोनाने जाते, तीनाने जाते, सातानेही जाते. कोणाच्याही हाताखाली जाणारी गाडी आपल्याला नको, म्हणाले. दुसरीचा सायलेन्सर तारेने बांधलेला होता, सीट उन्हाने तडकलेली होती आणि उतारावरसुद्धा ती विचार करून चालायची. पण तिच्यावर ७३९३ लिहिलेलं होतं. ती आली. पुढे ती गाडी भाऊजींना जितकी घेऊन फिरली, त्याहून जास्त भाऊजी तिला ढकलत फिरले.

आणि तिच्यामुळेच पुढचं सगळं रामायण घडलं. भाऊजी कोणाच्या तरी तेरवीला कारंजाकडे निघाले होते. पावसाळ्याचे दिवस, रस्ताभर चिखल. महामार्गावरच्या एका ढाब्यासमोर वाहतूक पोलिसाने त्यांना अडवलं. नंबरप्लेटवर चिखल उडून शेवटचा तीन झाकला गेला होता आणि नुसतं ७३९ दिसत होतं. पोलिसाने नंबर पुसायला सांगितलं. भाऊजी खाली वाकले, हातात रुमाल घेतला, आणि तसेच थांबले. सातशे एकोणचाळीस. तोही मूळच होता. त्यांनी पुसण्याऐवजी आणखी थोडा चिखल घेतला आणि नऊवर लावला. त्र्याहत्तर. मूळ. तीनावर लावला. सात. मूळ. पोलीस डोक्याशी उभा राहून बघत होता. भाऊजींनी त्याच्याकडे वर पाहिलं आणि भारावून सांगितलं, "साहेब, अर्धा दिसला तरी हा फुटत नाई." पोलिसाने त्यांना तोंड उघडून श्वास सोडायला लावला, काही निघालं नाही, तेव्हा हात जोडून जायला सांगितलं. भाऊजी गेले नाहीत. ते ढाब्यावर बसले, चहा मागवला, आणि तेरवीचं जेवण तिकडे संपलं.

शेपटाकडून एकेक आकडा कापत जावा आणि उरलेलं दर वेळी मूळच निघावं, असा तो प्रकार होता. आता भाऊजींच्या डोक्यात उलटा किडा वळवळला: मग याच शेपटाला पुढे आकडे जोडत गेलो, तर कुठवर जाता येईल? त्या दिवसापासून मळ्यातल्या वांग्यांना कोणी वाली उरला नाही. नऊ जोडला, ७३९३९, टिकला. एक जोडला, टिकला. पण नुसतं टिकला म्हणायला किती भागाकार लागतात, हे ज्याला करावे लागले त्यालाच माहीत. सात आकडी, आठ आकडी संख्या मूळ आहे असं छातीवर हात ठेवून सांगायचं, तर हजारो भागाकार करून एकालाही ती वश होत नाही, हे पाहावं लागतं. शिवाय भाऊजी एकाच फांदीवर समाधान मानणारे नव्हते. दोनापासून, तीनापासून, पाचापासून, सगळीकडून त्यांनी चढून पाहिलं. घरात येणाऱ्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू भागाकारांनी भरल्या. एकदा तर आमंत्रण वाचायच्या आधीच त्यांनी पत्रिका उलटी करून वापरायला घेतली, आणि स्वतःच्या सख्ख्या मावसबहिणीच्या मुलीचं लग्न घरात सगळ्यांना फोटोंवरून कळलं.

ताईंचा त्या दिवसांतला एकेक फोन ऐकण्यासारखा असायचा. माझ्या बायकोला त्या सांगायच्या की वांग्यात अळी पडली आहे, फवारा अंगणात पडून आहे आणि हा माणूस बांधावर बसून पुटपुटतो. लोक विचारतात, काऊन, भाऊंना काही बाधा झाली का? मी काय सांगू, आकडा लागला म्हणून सांगू? आकडा लागला म्हटलं तर लोक पेढे मागतात. भाऊजींचा कॅल्क्युलेटर किराणा दुकानातल्यासारखा साधा, आठ आकडे मावणारा. आठ आकड्यांपर्यंत त्याने साथ दिली आणि नवव्याला त्याने हात टेकले. तिथून पुढे भाऊजी हाताने भागत होते. म्हणजे नेमका जिथे घाट लागतो तिथेच बैल बसला, आणि गाडी धन्याला ओढावी लागली.

शेवटी एका रविवारी ते वर्ध्याला आमच्या घरी आले. हातातल्या पिशवीत किडकी वांगी होती आणि चेहऱ्यावर घरात नातू झाल्याचा भाव होता. बसले नाहीत. टेबलावर पाणी सांडलं होतं, त्यात बोट बुडवून त्यांनी लाकडावर लिहिलं: ७३९३९१३३. सात कोटी एकोणचाळीस लाख एकोणचाळीस हजार एकशे तेहेतीस. मग तळहाताने शेवटचा आकडा पुसला, आणि म्हणाले, मूळ. आणखी एक पुसला, मूळ. असं करत करत सातावर आले आणि टेबल कोरडं झालं. पुढे काहीच लागत नाही, त्यांनी मला सांगितलं. सम आकडे आणि पाच आपोआपच बाद. एक किंवा सात जोडला तर तीनाने जातो. राहता राहिले तीन आणि नऊ. त्या दोघांनी त्यांना रडवलं होतं. शंभरापर्यंतच्या कोणालाच ते दाद देत नव्हते. पण अखेर तेही फुटले. आठ आकड्यांपर्यंत आणखी चार जण पोहोचले होते, सगळ्यात मोठा मात्र हाच. याच्या वर काही नाही.

मी सरकारी कचेरीत आयुष्य काढलेला माणूस. मी विचारलं, याचा उपयोग काय? भाऊजींनी माझ्याकडे रागाने नाही, दयेने पाहिलं.

"उपयोग वांग्याचा असते, भाऊ," ते म्हणाले, आणि पिशवी माझ्या बायकोच्या हातात दिली.

ही बातमी माझ्या बायकोने माहेरी सांगितली आणि तिथून ती आर्वीतल्या एका सरांपर्यंत गेली. हे सर स्पर्धा परीक्षांचे क्लास चालवायचे आणि पुढच्या नगरपरिषदेवर डोळा ठेवून होते. त्यांना सत्काराची फार हौस. म्हणजे दुसऱ्याचा सत्कार करून आपला फोटो छापण्याची. गावात सत्कार करण्याजोगी माणसं केव्हाच संपली होती. साप चावूनही वाचलेल्या एका गृहस्थाचा त्यांनी सत्कार केला होता, आणि त्यात सर्पमित्राला बोलवायचं राहून गेलं म्हणून सर्पमित्राचा वेगळा केला होता. अशा दुष्काळात भाऊजी हाती लागल्यावर सरांनी दुसऱ्याच दिवशी सभागृह ठरवलं. फ्लेक्सवर लिहायचं ठरलं, 'जगातील सर्वांत मोठ्या संख्येचे जनक'. भाऊजींनी समजावलं की सर्वांत मोठी संख्या अशी काही नसतेच, कोणत्याही संख्येत एक मिळवा की त्याहून मोठी तयार. सरांनी मान डोलावली, ते लोकांना कळणार नाही म्हणाले, आणि 'सर्वांत मोठ्या' तसंच ठेवलं. सरांच्या ज्योतिष्याने आकड्यांची बेरीज केली; अडतीस आली, अडतिसाची अकरा, अकराची दोन. दोन हा आकडा सरांना धार्जिणा नव्हता. तेव्हा शेवटी एखादा एक जोडता येईल का, अशी निरोपातून विचारणा आली. भाऊजींनी उलट निरोप पाठवला, एक जोडला तर तीनाने जातो, तीन सरांना चालत असेल तर त्यांनी आपला वेगळा आकडा शोधावा. बाजारात तोवर 'सात कोटी एकोणचाळीस लाख' एवढंच पसरलं होतं, आणि मेथी घ्यायला आलेले लोक भाऊजींना तेवढ्या निधीतला रस्ता कुठून कुठे होणार, म्हणून विचारत होते.

सत्काराच्या दिवशी सकाळीच आम्ही आर्वीला पोहोचलो. मला दोन शब्द बोलायचे होते, म्हणून एस.टी.त बसल्या बसल्या मी तो आकडा फोनवर टाकून पाहिला. तो तिथे होता. जसाच्या तसा, आठही आकड्यांसह. जगभरच्या गणितवाल्यांना तो कधीचा ठाऊक होता. त्या जातीच्या संख्यांना रीतसर नाव होतं, सगळ्यांची यादी होती, आणि हा सर्वांत मोठा, हेही लिहिलेलं होतं. उरलेला रस्ता मला कापूस दिसला नाही की तूर दिसली नाही. बायको म्हणाली, आज नका सांगू, एक दिवस मिरवू द्या त्यांना. पण मंचावर माणूस चढल्यावर खालून एखाद्या पोराने फोन वर केला, तर? मी घरी पोहोचताच भाऊजींना आतल्या खोलीत नेलं आणि सांगून टाकलं.

ताई त्यांच्या सदऱ्याला इस्त्री करत होत्या. त्यांनी इस्त्री उभी केली. भाऊजी खाटेवर बसले. मग त्यांनी मला तो आकडा वाचून दाखवायला सांगितला. मी एकेक आकडा वाचला. त्यांचे ओठ माझ्याबरोबर हलत होते.

"आनि पुढं? नववा लिहिला हाये का?"

मी सांगितलं, नाही, नववा लागत नाही, हा शेवटचाच, असं स्पष्ट लिहिलं आहे. भाऊजींनी डोळे मिटून श्वास सोडला. त्यांचा हात माझ्या मनगटावर होता, तो सैल पडला.

"मंग बरोबर हाये," ते म्हणाले. "त्या दोन भागाकारांची मले लय धाकधूक होती, भाऊ. हाताचे होते. कोनाले तपासायले देऊ, हेच समजत नव्हतं."

आपण एवढे महिने घातले ते दुसऱ्याने आधीच करून ठेवलंय, हे ऐकून माणूस खचेल म्हणून मी आलो होतो, आणि हा माणूस परीक्षेचा निकाल लागल्यासारखा मोकळा झाला होता. ताईंनी डोळ्यांना पदर लावला आणि पुन्हा इस्त्री उचलली.

सभागृहात गेलो तर आणखी एक घोटाळा. फ्लेक्सवाल्याला सरांचा फोटो मोठा करायला सांगितलेला होता. तो एवढा मोठा झाला की संख्येचा शेवटचा आकडा त्यांच्या कानामागे गेला. फ्लेक्सवर होतं ७३९३९१३. सर कावरेबावरे झाले. प्रमुख पाहुणे वर्ध्याहून निघाले होते, दुसरा फ्लेक्स छापायला वेळ नव्हता. भाऊजी फ्लेक्ससमोर उभे राहिले आणि इतक्या मनापासून हसले, की सभागृहात सतरंजी अंथरणारे लोक थांबले. सरांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी सांगितलं, काही काळजी करू नका, हाही मूळच आहे. तुमचा फोटो आणखी मोठा केला असता तरी चाललं असतं.

पाहुणे आले. त्यांनी शून्याचा शोध भारताने लावला इथपासून सुरुवात करून शेवटी सरांना नगरपरिषदेत पाठवण्याचं आवाहन केलं. मध्ये कुठेतरी शाल आणि नारळ झाला. मग भाऊजी उठले. त्यांनी माईक हातात घेतला आणि सरळ सांगितलं की हा आकडा मी पहिला शोधलेला नाही, तो दुनियेत आधीच माहीत होता, मला आज सकाळी कळलं. सरांचा चेहरा शालीच्या रंगाचा झाला.

"माह्या आधी कोनीतरी बसलं असन, हेच भागाकार करत," भाऊजी म्हणाले. "त्याच्या घरचेही त्याले वैतागले असन. आपन येकटे नोहोत, हे मले आज मालूम झालं. मी लय खूश हाये."

पण सर काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. त्यांनी माईक काढून घेतला आणि म्हणाले, पाहा, पाहा ही थोर माणसांची विनम्रता. टाळ्या पडल्या. भाऊजींनी पुन्हा माईक मागितला, तो मिळाला नाही. दुसऱ्या दिवशी एका स्थानिक पेपरात 'विनम्र संशोधकाचा गौरव' अशी बातमी आली. भाऊजी ती दुरुस्त करून घ्यायला पेपरच्या कचेरीत गेले, तर तिथल्या माणसाने त्यांच्या विनम्रतेची आणखी एक बातमी लावली. खरं बोलून दोनदा छापून आलेला तालुक्यातला तो एकमेव माणूस असावा.

पुढे काही आठवड्यांनी त्यांचा मला फोन आला. जरा संकोचून त्यांनी विचारलं, ज्याने आधी शोधला त्याचं नाव फोनवर दिलं आहे का? गावबिव? मी बरंच शोधलं. त्यांना हवं होतं तसं काही मला सापडलं नाही. एवढंच लिहिलेलं होतं की अशी सगळी यादी आता कॉम्प्युटर पापणी लवेपर्यंत काढून देतो. मी ते सांगितलं. मग भाऊजी हळहळून म्हणाले, पापणी लवेपर्यंत? मग त्या बिचाऱ्याला नवव्याची धाकधूक कधी लागली असेल?

त्यानंतर ते जरा गप्पच झाले. वांगी सुधारली, गिऱ्हाइकाला डझनाला बारा लिंबं मिळू लागली. मला वाटलं, ताई आता सुखात असतील. पण दिवाळीला माझी बायको चार दिवस राहून आली आणि तिने निराळीच गोष्ट सांगितली. भाऊजींना हल्ली बारीक लिहिलेलं दिसत नाही. त्या सगळ्या महिन्यांत, फोनवर आम्हाला गाऱ्हाणी सांगून झाली की, ताईच दुपारची कामं आटोपून त्यांच्याशेजारी बसायच्या आणि पत्रिकांवरचे आकडे मोठ्याने वाचून द्यायच्या. कडू निंबाखाली खाट टाकायची, त्या वाचणार, हे भागणार. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण दोघांनी रोज शेजारी बसावं असं दुसरं काम मळ्याने त्यांना कधी दिलं नव्हतं. आता दुपार खायला उठते, ताई बहिणीला म्हणाल्या. आणि एक दिवस त्यांनीच नवऱ्याला विचारलं, "दुसरा नाई का कोनता?"

भाऊजींनी जणू वाटच पाहिली होती. आहे ना, म्हणाले. हा उजवीकडून कापला. आता डावीकडून कापून पाहू, शेपटाऐवजी डोकं. बघू कुठवर जातो.

बायकोने हे सांगितल्यावर मी फोनवर पाहिलं. डावीकडून कापत गेलं तर तो प्रवास चोवीस आकड्यांपर्यंत जातो. ते हाताने होणारं काम नाही; एका जन्मात तर नाहीच. मी फोन खिशात ठेवला. गेल्या आठवड्यात आर्वीला गेलो होतो. फाटकातूनच ताईंचा आवाज ऐकू आला, सात, सहा, पुन्हा सहा, आणि मध्येच त्यांनी थांबून विचारलं, "झालं का? पुढचा वाचू?" भाऊजींनी मला पाहून हात केला आणि बसायला सांगितलं. कसं चाललंय, मी विचारलं. थोडंच राहिलं असेल, ते म्हणाले.

मी हो म्हणालो, आणि खाटेच्या कडेला बसलो.